शेवग्याला बांधलेला पाईप

…आणि वर हे मलाच फोनवर विचारतात, "अमीना, आज गप्प का गो?" आता तुम्हाला सांगते, बोलू कुणाशी? नवरा वीस वर्षं आखातात वेल्डर, आठ महिन्यांमागं रोह्याला घरी आला, म्हटलं चला, घरात दुसरा आवाज झाला… तर ह्यांनी अंगणात शेवग्याला सहा इंची पाईप तिरका बांधला आणि तोंडावर वेल्डिंगची काच ओढून त्याच्यासमोर उभे. का, तर सहा महिने काम केलं नाय की जुनं सर्टिफिकेट बाद, नव्या कंपनीला नवी टेस्ट. आणि टेस्टचा कायदा काय, तर पाईप हलवायचा नाय. तो जागेवर, माणसानं भोवती फिरायचं. बाजूनं, वरनं, पोटाखालनं.

शेजारची शकू कुंपणावरनं विचारते, "भाभी, तोफ कुणाच्या घरावर गो?" म्हटलं, तुझ्याच.

दिवसभर करंटशिवाय सराव. हातात वेल्डिंगची कांडी, श्वास रोखलेला. मी विचारते, बोंबील तळू की कालवण करू? उत्तर नाय. मग काच वर करून म्हणतात, "मधी बोलू नको गो, श्वास सुटला की हात हलतो." म्हणजे पाईप हलवायचा नाय, हात हलवायचा नाय आणि मी जीभ हलवायची नाय.

पण डोळे हायत ना मला. पाईपाच्या पोटाखाली आले की ह्यांचा हात थरथरायचा. बघितलं आणि दोन दिवस गप्प बसले, खोटं कशाला सांगू? होऊ दे नापास, राहतील घरी… नमाजनंतर दुआला हात उचलले, तर काय मागावं तेच सुचेना. तिसऱ्या दिवशी नाय राहवलं. घामानं भिजलेला माणूस, स्वतःवरच चिडलेला… भाकऱ्या करताना बसायचा माझा पाट नेऊन पुढ्यात टाकला. "अहो, चूल कुणी उभ्यानं वाकून फुंकतं काय? बूड टेका, कोपर गुडघ्यावर ठेवा."

हात दगडासारखा थांबला.

टेस्टला वडखळच्या वर्कशॉपात गेले ते पाट काखेत मारून. तिथला साहेब म्हणतो, "चाचा, जेवायला आलात काय?" मग जोडाची पट्टी कापली, वाकवून बघितली, चीर नाय. पास.

आता हे परत आखातात आणि पाटही तिकडं, बॅगेत कपड्यांच्या वर ठेवून नेला. मी फरशीवर बसून एकटीच्या दोन भाकऱ्या भाजते. काल फोनवर म्हणाले, "तो पाईप भंगारात दे." नाय म्हटलं, पाईप हलवायचा नाय. संध्याकाळची त्याच्याजवळ बसते, विचारते, बोंबील तळू की कालवण करू?

उत्तर नाय. मग तळते.