आमच्या घरातलं सुप्रीम कोर्ट

अगं, माझ्या शिकवण्याचं काय झालं ते ऐक. रेवाची शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची आणि दुसऱ्या दिवशी तिची अमेरिकेच्या सरकारवर टेस्ट. मलाच धड कळत नव्हतं, म्हणून घरचं उदाहरण घेतलं.

"हे बघ, मम्मा म्हणजे काँग्रेस, तिथली संसद. मी कायदा केला, टेस्ट होईपर्यंत टॅब बंद. बाबा प्रेसिडेंट. त्यांनी सही केली."

"अँड द कोर्ट?"

सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या, शेजारी भेंडी चिरत बसलेल्या. म्हणाल्या, "कोर्ट मी. पोर सकाळपासून वाचतेय. असला कायदा आमच्या घराण्याच्या घटनेत बसत नाही. रद्द!"

रेवाने टॅब उचललासुद्धा. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "कोर्टापुढे माझं काय चालणार?"

मी पुटपुटले, "असू दे. शनिवारी कोर्ट रत्नागिरीला परत जातंय, मग बघते."

"नो मम्मा, जजेस आर फॉर लाइफ!"

मी घाईघाईने पुस्तक उघडलं. खरंच, तिथले न्यायाधीश तहहयात असतात.

सासूबाईंनी विळी बाजूला सारली आणि मुलाला म्हणाल्या, "ऐकलंस ना रे? व्हिसा वाढव."