गावात न मोडणारं घर

आसावरी : कॉफी दिली, एक बिस्किट दिलं आणि हसत हसत नाही म्हणाल्या.

विश्वास : कोण, मुख्याध्यापिका? वृंदाला घेत नाहीत?

आसावरी : नाही घेत. शाळा भरली. गिरणीमागे ती नवी कॉलनी झाली ना, तिथली सगळी पोरं आली. आता गावाच्या हद्दीतली मुलं आधी. जागा उरली तर बाकीची, आणि उरणार नाही म्हणे.

विश्वास : मग आपल्याला काय प्रॉब्लेम? आपण हद्दीतच आहोत.

आसावरी : नाही आहोत.

बाबा : असं कसं? अगं, या खुर्चीतून मला शाळेचं छप्पर दिसतं. रोज सकाळी त्या पोरांचा गलका ऐकत मी चहा पितो.

आसावरी : दिसतं ना, बाबा. पण त्यांच्या भिंतीवर नकाशा आहे, त्यावर निळी रेघ आहे. बेकरीपर्यंत सरळ येते आणि ओढ्यापाशी वळते. आपली गल्ली ओढ्याच्या या अंगाला.

विश्वास : वळते म्हणजे काय? घर घेताना मी तो नकाशा स्वतः बघितलाय. तेव्हा रेघ आपल्या मागच्या शेताला वळसा घालून जात होती. शाळेसाठीच तर आइंडहोवनचा फ्लॅट सोडून न्यूनेनच्याही पुढे या खेड्यात येऊन पडलो. रोज सायकल, मग बस, मग परत चालत.

आसावरी : तेव्हा वळत नव्हती. यंदा वळली.

विश्वास : हे रिडिक्युलस आहे. चार घरांसाठी रेघ वाकडी करायची? तीही नेमकी आपल्या गल्लीशी? मला विचारशील तर यात वेगळाच वास येतोय. हायली स्किल्ड म्हणून बोलवायचं, टॅक्स घ्यायचा, आणि पोरीला शाळेत घ्यायची वेळ आली की तुम्ही हद्दीबाहेरचे.

आसावरी : गल्लीत बाकीची तीन घरं डच आहेत, विश्वास.

विश्वास : त्यांच्या घरात चार वर्षांची होणारी मुलगी नाहीये.

बाबा : विश्वास, डोकं थंड ठेव. कागद घे. आवाज चढवून काही होत नाही, हरकत नोंदवावी लागते. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या वेळी मी एक शब्द वावगा बोललो नव्हतो. नुसते मुद्दे मांडले. सेक्रेटरी घरी येऊन कान धरून गेला.

विश्वास : लॅपटॉपच उघडतो. सांगा. डच करायला ऑफिसातला मार्टेन आहेच.

बाबा : घे. 'सदर घर हे गावापासून हाकेच्या अंतरावर असून चर्चची घंटा घरात स्पष्ट ऐकू येते.'

विश्वास : मस्त. आणि रस्ता. रस्त्यावर दिवे आहेत असं घालू.

आसावरी : किती दिवे?

विश्वास : एक आहे. पण आहे ना? अनेकवचन चालतं.

आसावरी : आणि शेजारच्या यानच्या गोठ्याचा वास?

विश्वास : कसला वास? मला तर येत नाही. सवयीची गोष्ट आहे.

आसावरी : हं. पुढे सांगा बाबा.

बाबा : आता मुख्य मुद्दा. 'सदर घरातील रहिवाशांचा गावाशी दैनंदिन संबंध असून...'

आसावरी : हे परत म्हणा.

बाबा : 'रहिवाशांचा गावाशी दैनंदिन संबंध असून.' का? मराठी बरोबर आहे.

आसावरी : मराठी झकास आहे. मागच्या वर्षी या खुर्चीत बसून तुम्ही हेच सांगितलं होतंत, फक्त उलटं. तेव्हा संबंध नव्हता. तेव्हा रस्त्यावर अंधार होता, शेणाचा वास घरात येत होता, आणि चर्च इतकं लांब होतं की घंटा ऐकू येत नव्हती.

विश्वास : ते घरपट्टीसाठी होतं.

आसावरी : हो, घरपट्टीसाठीच.

विश्वास : तो वेगळा विषय आहे, आसावरी. त्यांनी आपल्या घराची किंमत गावातल्या घरांच्या हिशोबानं लावली होती. चूक होती ती. आपण दाखवून दिली, त्यांनी मान्य केली. घरपट्टी कमी झाली.

आसावरी : कशी कमी झाली? काय केलं त्यांनी?

विश्वास : आपलं घर गावाच्या गटातून काढून शेतावरच्या घरांच्या...

आसावरी : बोल की.

विश्वास : शेतावरच्या घरांच्या गटात टाकलं.

आसावरी : आपलं एकट्याचं नाही. तुम्ही दोघांनी कोट चढवून अख्ख्या गल्लीच्या सह्या आणल्या होत्या. चारही घरं काढली. आणि या वर्षी शाळेला जेव्हा ठरवायची वेळ आली की गाव कुठे संपतं, तेव्हा त्यांनी खेमेन्तेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, ऑफिसात विचारलं. ऑफिसनं त्यांच्याकडचा ताजा नकाशा दिला. मी शाळेतून तडक तिकडेच गेले होते. तिथल्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं. म्हणाल्या, मॅडम, ही हद्द आम्ही नाही बदलली, तुम्हीच मागून घेतली.

बाबा : अरे देवा.

विश्वास : पण हे लिंक होईल हे कोणाला माहीत होतं? टॅक्सचा डेटा शाळेला द्यायचा? हे चुकीचं आहे. याविरुद्ध पण हरकत घेता येईल.

आसावरी : घे. मग त्यातून पाणी, रस्ता, अजून काय काय जाईल ते बघू. एक दिवस आपण बेल्जियममध्ये निघू.

बाबा : आसावरी, उपाय काय सांगितला त्यांनी?

आसावरी : चारही घरं एकत्र बाहेर गेली, तर एकत्रच आत येतील. चौघांनी सह्या करून आधीची हरकत मागे घ्यायची. शाळेची यादी महिनाअखेरीला बंद होणार, त्याच्या आत.

विश्वास : म्हणजे मी आता शेजारच्या तोसकडे, यानकडे आणि त्या कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्यांकडे जाऊन सांगू की तुमची घरपट्टी कमी केली होती ती प्लीज परत वाढवून घ्या? माझ्या मुलीसाठी? कुठल्या तोंडानं?

बाबा : त्यांचा फरक आपण भरू. वर्षाकाठी एका बऱ्या हॉटेलातल्या जेवणाइतके तर होतात. पाकिटात घालून...

आसावरी : बाबा, तोसला पाकीट दिलंत तर ती पुन्हा या घरात पाऊल टाकणार नाही.

बाबा : ते बरंच होईल एका परीनं. बेल असताना स्वयंपाकघराच्या दारातून थेट आत येते बाई. परवा मी बनियनवर होतो.

आसावरी : बाबा, प्लीज.

बाबा : बरं, मग दुसरा मार्ग. ते दत्ता आणि संध्या राहतात ना बेकरीच्या वर? त्यांचा पत्ता देऊन टाका. आपल्याकडे निम्मी पोरं मामाच्या पत्त्यावर शिकतात.

विश्वास : इथे नाही चालत ते. पोलीस घरी येऊन कपाटात मुलीचे कपडे आहेत का बघतील. आणि माझं परमिट? नको. हे बघ आसावरी, शांतपणे विचार करू. दुसरी शाळा आहे ना. सात किलोमीटर. खेमेन्तेची व्हॅन दारात येते, दारात सोडते. तिथे जागा आहे. लहान वर्ग, चांगले...

आसावरी : तू कधी बघितलंस तिला प्लेग्रुपमध्ये?

विश्वास : काय संबंध?

आसावरी : कधी बघितलंस?

विश्वास : ऑफिस असतं मला.

आसावरी : सगळा हिवाळा ती तिथे एक शब्द बोलली नाही. घरी मराठीत पोपटासारखी, आणि तिथे दारातून आत गेली की ओठ मिटले. कोपऱ्यात उभी. सगळ्या बायका मला विचारायच्या, हिला ऐकू येतं ना? मी हसून हो म्हणायचे आणि सायकलवर रडत घरी यायचे. तुला सांगितलं तर तू म्हणालास, फेज आहे.

विश्वास : फेजच होती. आता बोलते ना.

आसावरी : आपोआप नाही बोलली. लोटं नावाची ती मुलगी आहे ना, पडून पुढचा दात तुटलेली? तिनं एक दिवस हिची बाहुली पळवली. आणि वृंदा तिच्या मागे धावत ओरडली, डचमध्ये, अख्खं वाक्य. प्लेग्रुपच्या यूफ बाईंनी मला फोन करून सांगितलं. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर शाळा आहे, विश्वास. चौथा वाढदिवस झाला की जिना चढून वर जायचं, एवढंच माहीत आहे तिला. वर कोट अडकवायला खुंटी निवडून ठेवलीय तिनं. साळिंदराचं चित्र आहे त्यावर. लोटंच्या शेजारची. आणि तू तिला व्हॅनमध्ये बसवून सात किलोमीटरवर अनोळखी मुलांत सोडणार? परत ओठ मिटले तर?

विश्वास : असं नको बोलूस.

आसावरी : मग कसं बोलू? त्या पत्रातलं मला बाकी काही आठवत नाही. दिवा, वास, घंटा, सगळं गेलं. एक वाक्य आज त्या बाईंनी स्क्रीनवरून वाचून दाखवलं. 'सदर घर गावात मोडत नाही आणि रहिवाशांचा गावाशी दैनंदिन संबंध नाही.' दोन वर्षं मी या गावात रोज जातेय. बेकरीवाल्याला माझं नाव पाठ आहे. तोसनं मला सायकल शिकवली, वयाच्या तिशीत, या शेतात, मागून सीट धरून. आणि तुम्ही दोघांनी लिहून दिलंत की संबंध नाही. मग मी कोण आहे? मी या घरची रहिवासी नाही?



बाबा : वाक्य माझं होतं.

विश्वास : बाबा, राहू दे.

बाबा : राहू दे कसं? माझंच होतं. लिहून झाल्यावर मी दोनदा मोठ्यानं वाचलं होतं, इतकं आवडलं होतं मला. आसावरी, खरं सांगतो, लिहिताना तू डोळ्यांपुढे आली नाहीस. मला वाटलं, मी आणि विश्वास या घरात राहतो.

आसावरी : बाबा, तुम्हाला बोलायचं नव्हतं मला.

बाबा : बोललीस ते बरोबर बोललीस. विश्वास, बंद कर तो लॅपटॉप.

विश्वास : तुम्हाला दोघांना एक सांगू? हसू नका. या गल्लीत इतके दिवस राहतोय, मला कोणी नावानं हाक मारली नव्हती. मी सकाळी अंधारात जातो, अंधारात येतो. ती हरकत मान्य झाली त्या दिवशी तोस अ‍ॅपलटार्ट घेऊन आली, यान आला, ते म्हातारे आले. यानने पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, विश्वास. नीट उच्चारलं त्यानं. घरी बायकोसमोर प्रॅक्टिस केली असणार. मला वाटलं, चला, आता आपण इथले झालो. आणि आता मी जाऊन तेच परत मागायचं. सगळ्या गल्लीला एकच गोष्ट दिली होती मी.

आसावरी : हे तू मला तेव्हा सांगितलं नाहीस.

विश्वास : तू टार्ट कापत होतीस.

आसावरी : विश्वास, तोसनं टार्ट घरपट्टीसाठी नव्हती आणली रे. तिला ते पैसे कळतही नाहीत, बिलं तिचा मुलगा भरतो. कोणीतरी दार वाजवून घरात आलं, टेबलाशी बसलं, सही मागितली, याचंच तिला अप्रूप. अजून सांगते सगळ्यांना.

विश्वास : आणि यान? त्याची जमीन आहे, त्याला फरक पडेल.

आसावरी : त्याला पडेल. तो नाही म्हणू शकतो. त्याला विचारावं लागेल, एवढंच.

विश्वास : तू चल माझ्याबरोबर. तुझं डच चांगलं आहे.

आसावरी : सह्या आणायला गेलास तेव्हा मला नेलं नव्हतंस. आता एकटाच जा. आधी तोसकडे. वृंदा तिच्याकडेच आहे, दुपारपासून तिच्या कोंबड्यांच्या मागे असेल. तिला आणायचंच आहे.

विश्वास : आत्ता? आधी फोन करून वेळ घ्यायला नको? इथे लोकांना असं अचानक...

आसावरी : तोसकडे वेळ घेत नाहीत.

विश्वास : आणि शब्द अडला तर?

आसावरी : वृंदाला विचार. तिला येतं.

बाबा : मी कोट घालून येतो तुझ्याबरोबर. काही बोलणार नाही. ते वाक्य माझं होतं एवढं फक्त सांग तिला.

आसावरी : कोट नको बाबा. स्वेटर असू दे. आणि विश्वास, तिच्या घरात कुठून जाणार आहेस?

विश्वास : पुढच्या दारानं. मागच्या वेळी तसेच गेलो होतो.

आसावरी : म्हणून तर तिनं घाबरून एप्रन काढला होता. पुढच्या दारानं पोस्टमन येतो, नाहीतर खेमेन्तेचा माणूस. कोंबड्यांच्या जाळीशेजारून मागे जा, सरळ स्वयंपाकघरात.

विश्वास : आणि बेल कुठे आहे तिकडे?

आसावरी : मागच्या दाराला बेल नसते.