घाटात कोणी उतरायचं नाही

जुन्या पेट्रोल इंजिनाला, कार्बोरेटरवाल्या, टर्बो बसतो का नाही बसत? एवढंच विचारलं होतं हो मी! हो म्हणा, नाही म्हणा, विषय संपला! पण तुम्हाला सांगतो, साक्रीपासून जळगावपर्यंत एक माणूस सरळ उत्तर देईल तर शपथ! साक्रीत विचारलं, तो म्हणाला, "कशाला?" धुळ्यात विचारलं, तो म्हणाला, "कोणी सांगितलं तुला?" नरडाण्याला लेथवाल्याकडे गेलो, त्यानं चष्मा कपाळावर चढवला, मला वरून खाली बघितलं आणि म्हणाला, "शिकला किती?" म्हटलं, आठवी. "पास?" अरे, टर्बोचा आणि पासचा काय संबंध? आणि जळगावचा भंगारवाला तर चहा पाजून, पाठीवर हात ठेवून म्हणतो, "दादा, एखादी डिझेल गाडी घेऊन टाक." म्हणजे मी विचारतोय पोराला ताप आलाय, औषध कोणतं, आणि हा सांगतोय दुसरं पोरगं कर!

थांबा, गाडी कोणती ते सांगितलंच नाही. लष्कराच्या लिलावातली ट्रक, पेट्रोलवर चालणारी, माझ्यापेक्षा दुप्पट वयाची. चालवायचा माझा भाऊ. गिरधर. माझा थोरला. आमचं गाव पिंपळनेर, आणि दर सोमवारी भाऊ घाटापलीकडच्या बाजाराला माणसं न्यायचा... कांदेवाले, मडकीवाला भिकन, बांगड्यावाली रत्ना अक्का, वीसेक माणसं आणि त्यांची गाठोडी. घाटाचा पायथा आला की भाऊ हॉर्न द्यायचा, आणि बठ्ठे जण, सगळेच्या सगळे, खाली! गाडी पहिल्या गिअरात कण्हत वर, शेजारून माणसं पायी. शेजारून कसली, पुढून! रत्ना अक्का वर पोचून, भजी खाऊन, तोंड पुसून आमची वाट बघत बसायची. डिझेल पिकअपवाले बाजूनं जाताना हात हलवायचे, "काय गिरधरशेठ, मयतीला निघाले का?"

भाऊ हसायचा. घरी आला की भाकरी अर्धी टाकायचा.

मग त्यानं डोक्यात घेतलं, टर्बो. टर्बो म्हणजे काय, पंखाच की! सायलेन्सरला जाणाऱ्या धुरावर एक पंखा फिरतो, त्याच दांडीवर दुसरा पंखा, आणि तो इंजिनात हवा कोंबतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, दम जास्त. फुकट जाणारा धूर कामाला लावायचा. एका मोडीत निघालेल्या डिझेल पिकअपचा टर्बो त्यानं आणला, पोत्यात गुंडाळून खाटेखाली ठेवला, मला म्हणाला, "कुंद्या, एक दिवस घाटात कोणी उतरायचं नाही. राजासारखे बसून जातील." आणि एका दुपारी अंगणात बसून त्या टर्बोच्या पॅकिंगचा पुठ्ठा, जोडातनं हवा सुटू नये म्हणून मध्ये घालतात तो, कापत होता, कात्री चालू होती, आणि कापता कापता कलला. अर्धं पॅकिंग हातात. दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले, "उशीर झाला."

चौतीस वर्षांच्या माणसाला कसला उशीर झाला हो?

बरं, जाऊ द्या. दहावा. पांझरेच्या काठावर पिंड ठेवला. कावळे किती? मोजून अकरा! आणि अकराच्या अकरा बाभळीवर, जणू पंगतीत अजून मीठ वाढायचं राहिलंय! अर्धा तास झाला. भाऊबंद पुढे येऊन एकेक जण कबूल करतोय. "गिरधर, मायला सांभाळू!" कावळा नाही. "मोहिनी वहिनीला काही कमी पडू देणार नाही!" कावळा नाही. आमचे झुलाल आबा, भावकीतले वडीलधारे, ऊन डोक्यावर आलेलं, भूक लागलेली, ते ओरडले, "अरे, कोनाले काही माहीत शे का, काय ऱ्हायनं त्याचं?" आणि तुम्हाला सांगतो, माझं तोंड! माझं तोंड म्हणजे ब्रेक नसलेली गाडी! मी दोन्ही हात वर करून ओरडलो, "भाऊ! तुझी गाडी टर्बो लावून घाट चढवीन! भरलेली! एकालाही खाली उतरू देणार नाही! सव्वा महिन्याच्या आत!"

फडफड! एक कावळा खाली. पिंड उचलला.

माय रडायला लागली, भावकी हात जोडून उभी, आणि मी? मी उभ्या उभ्या गार! कारण मला गाडीतलं काय येतं? चालवता येते, हवा भरता येते आणि हॉर्न वाजवता येतो! मी आबांना हळूच म्हटलं, "आबा, कावळा तसाही येणारच होता ना?" आबा म्हणाले, "बोलला ना? आता फेड. नाही फेडलं तर तो तिथंच लटकेल." कोण लटकेल? माझा भाऊ! कुठं लटकेल? ते काही सांगितलं नाही. जेवायला गेले.

म्हणून फिरत होतो हो दारोदार! बसतो का नाही बसत, बसतो का नाही बसत! शेवटी धुळ्यात हाशमचाचा भेटले. सत्तरीचे, कार्बोरेटरचे कारागीर, हाताला पेट्रोलचा वास जन्माचा. त्यांना विचारलं. त्यांनीही उत्तर दिलं नाही. पण निदान उठले तरी! म्हणाले, "गाडी कुठाय?"

त्याआधी मी एक पराक्रम करून ठेवला होता. टर्बोचा पाईप सरळ कार्बोरेटरच्या तोंडाला जोडला, गाडी चालू केली, आणि अ‍ॅक्सिलेटर दाबला तशी गाडी बंद! पुन्हा दाबला, पुन्हा बंद! चाचांनी बघितलं, कपाळावर हात मारला. "बेटा, उसाचा रस नळीनं पितो ना? तू ओढतोस म्हणून रस वर येतो. कार्बोरेटर तसंच पेट्रोल ओढतो. आणि तू काय केलंस? नळीत फुंकलंस! रस खाली नाही जाणार तर काय तोंडात येणार?" मग चाचांनी तांब्याची बारीक नळी टाकली, टर्बोची तीच हवा कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीवरही दाबायला. वरून दाब, खालून दाब, भांडण मिटलं! गाडी पळाली. चौकापर्यंत. मग पेट्रोल वाहायला लागलं. उघडलं तर आतला पितळी तरंगा, पेट्रोल किती भरलं ते सांभाळतो तो, हवेच्या दाबानं पापडासारखा चेपलेला! चाचांनी तो फेकला, बुचाचा तरंगा कोरला, वर लाखेचे तीन हात दिले, फुंकर मारत मारत, जसं काही नातवाचं खेळणं करतायत.

आणि पॅकिंग? पॅकिंग भाऊचंच. अर्धं त्यानं कापलं होतं, उरलेलं मी कापलं. त्याची बाजू कशी, रेघ ओढल्यासारखी. माझी बाजू उंदरानं कुरतडल्यासारखी. चाचांनी दोन्ही बाजू बघितल्या आणि बसवून टाकलं. जाताना म्हणाले, "इंजिनातनं खडखड आली की पाय उचल. नाहीतर पिस्टनला भोक पडेल." मी विचारलं, "चाचा, पण बसला का नाही बसला?" म्हणाले, "ते घाट सांगेल."

सव्वा महिन्याला चार दिवस उरलेले. सोमवार. गाडी भरली. वीस माणसं, मडकी, कांदे, बांगड्या. आणि बघतो तर वहिनी केबिनमध्ये! शेजारी माय, मांडीवर वाळूची बादली! म्हटलं, माय, हे काय? "पेट्रोल शे ना बापा, पेटली तं विझवू." झुलाल आबा धावत आले, "मोहिनी, सव्वा महिना नाही झाला, बाहेर निघतात का?" वहिनी भाऊ गेल्यापासून कोणाशी धड बोलली नव्हती. एवढंच म्हणाली, "आबा, मी बाहेर कुठे, गाडीत बसलेय."

पायथा आला. मी हॉर्न दिला नाही. तरी सवयीनं निम्मे उठले! मी मुंडकं बाहेर काढून ओरडलो, "बसा! कोणी उतरायचं नाही!" आणि पाय दाबला, आणि तुम्हाला सांगतो... शिट्टी! टर्बोची शिट्टी! तिसऱ्या गिअरात! ती म्हातारी, तिसऱ्या गिअरात घाट चढतेय! मागे मडकी खडखडतायत, माणसं ओरडतायत, एका पिकअपला मागे टाकलं, भिकन त्याला हात हलवतोय, "काय शेठ, मयतीला का?" मी रडतोय का हसतोय मलाच कळेना!

पहिलं वळण. दुसरं वळण. मागून रत्ना अक्का ओरडली, "कुंदन, थांबव रे! मला उतरायचंय!" "नाही!" "अरे, मोकळं व्हायचंय!" "अक्का, धरून ठेवा! पाचच मिनिटं!" "मेल्या, गिरधर असा नव्हता!" तिसरं वळण. आणि खडखड.

आली ती. इंजिनातनं. पत्र्याच्या डब्यात गोट्या हलवल्यासारखी. चाचा म्हणाले होते पाय उचल. पाय उचलला तर गाडी थांबते, थांबली तर माणसं उतरणार. नाही उचलला तर भोक. माय बादली घट्ट धरून देवाचं नाव घेतेय, आणि मी पाय थोडा उचलतो, खडखड जाते, दाबतो, येते, उचलतो, दाबतो... शेवटचं वळण दिसलं, आणि फटाक!

भोक नाही. टर्बोचा रबरी पाईप सुटला. तो आवळून धरणारी पट्टी तुटून कुठं उडाली कोण जाणे. शिट्टी गेली. म्हातारी पुन्हा म्हातारी. दहा पावलं कण्हली आणि उभी राहिली. मी ब्रेकवर उभा, अक्षरशः उभा, गाडी तरी मागे सरकतेय. बाजूला दरी. मी ओरडलो, "ठोकळा!" भिकननं वरूनच दोरीला बांधलेला लाकडी ठोकळा चाकामागे सोडला. लागला. थांबली. माथा कुठे? ओरडलं तर ऐकू जाईल एवढ्यावर! आणि मागे हालचाल. उतरायच्या तयारीत. भिकन हळूच म्हणाला, "कुंदन, बाबा... चढली की एवढी. आम्ही चालतो. काय हरकत शे?"

हरकत? अरे, माझा भाऊ लटकलाय आणि तू हरकत विचारतोस?

मी म्हटलं, पाईप कोणीतरी दाबून धरला तर चढेल. पण मी दाबला तर चालवणार कोण? आणि वहिनी म्हणाली, "सरका." कोण? "भाऊजी, सरका. मला येते." येते? "तुमच्या भावानं शिकवली. माळावर. कोणाला सांगू नको म्हणाले होते." माय वहिनीकडे बघते, मी मायकडे बघतो... बघायला वेळ कुठे होता! मी खिडकीतनं बाहेर, मडगार्डवरनं, जमिनीला पाय न लावता पुढच्या बंपरवर! बॉनेट उघडून दोरीनं बांधलं, गमछा गुंडाळून दोन्ही हातांनी पाईप दाबला, आणि ओरडलो, "सोडा!"

आता बॉनेट उघडं, म्हणजे वहिनीला पुढचं दिसेना! ती मुंडकं खिडकीबाहेर काढून चालवतेय, मी रस्त्याकडे पाठ करून इंजिनात वाकलेलो, वळण मागे माझ्या पाठीशी, आणि वीस माणसं एकदम ओरडतायत, "डावीकडे!" "उजवीकडे!" "मोहिनी, दरी!" "अगं, दरी नाही, खड्डा!" शिट्टी आली पुन्हा. हात भाजतायत, खाली धुराचा पाईप लाल झालेला, गमछ्याचा वास सुटला, चामडीचा पण सुटला, मी सोडला नाही. मी मनात म्हणत होतो, भाऊ, बस. भाऊ, आता बस. आणि पायाखालचा बंपर सपाट झाला. माथा.

एकही माणूस उतरला नव्हता. मी पण नाही. बंपर गाडीतच धरतात!

सगळे ओरडले, नाचले, मग रत्ना अक्का झुडपाकडे पळाली. वहिनीनं इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर डोकं टेकलं, आणि रडली. चौतीस दिवसांनी पहिल्यांदा. मायनं बादली खाली ठेवली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मी खिडकीशी उभा, हात पुढे धरून, फोड आलेले. म्हटलं, वहिनी, बसला ना टर्बो? बसला का नाही? तिनं तोंड पुसलं. उत्तर दिलं का? नाही! म्हणाली, "भाऊजी, काढून टाका तो."

काढून टाका?

"त्यांना घाई होती," ती म्हणाली. "मला कुठे घाई आहे? उद्यापासून गाडी मी चालवीन. हळू चालवीन." आणि अक्का झुडपामागनं काय म्हणते? "हो, काढ मेल्या! पायी चालायचो, चार गोष्टी व्हायच्या, हे काय, बसून बसून कंबर गेली!"

काढला. आठवडाभर हातांना पट्ट्या, तशाच हातांनी काढला. बसवायला तीन आठवडे गेले, काढायला पाऊण तास. तांब्याची नळी काढली, भोकं बुजवली, जुना पाईप लावला, आणि वहिनीचा पाय ब्रेकला नीट पुरावा म्हणून सीट चार बोटं पुढे घेतली.

पुढचा सोमवार. वहिनी स्टिअरिंगवर. पायथा आला, तिनं हॉर्न दिला, बठ्ठे जण खाली, हसत, खिदळत, कंबर मोकळी करत. मी बसलेलो. म्हटलं, आपण घरचे, शिवाय हात भाजलेले, आपला मान आहे! गाडी कण्हली. थांबली. वहिनीनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "भाऊजी, चढत नाहीये."

तुम्हाला सांगतो... काय करणार? उतरलो.