एका म्हशीचं दुप्पट दूध

कराडजवळच्या डेअरीत मी सॉफ्टवेअर बसवलं, तवाची गोष्ट. दुधाची नोंद मेन सर्व्हरवर व्हायची, पण स्क्रीन वाचायची त्याच्या कॉपीवरनं, आणि कॉपी जरा मागं राहायची, म्हंजे नवा आकडा उशिरा दिसायचा. आकडा दिसल्याबिगर आपल्याकडं कोण कॅन उचलतंय? मग ऑपरेटर तीच नोंद पुन्हा टाकायचा. नोंदीत गावाचं दूध दुप्पट झालं, तक्रार एकाचीबी न्हाई!

शेवटी तानूमावशी तणतणत आली. "आरं, माझ्या एका म्हशीचं एवढं दूध? लोक म्हणतील, बाई पाणी घालती!"

मी लगेच त्या स्क्रीनचं वाचनबी मेन सर्व्हरकडं वळवलं. तिनं आपली अब्रू राखली, त्यात माझी नोकरी वाचली गड्या.

तवापासनं आमच्या च्यात दूध मावशीचंच. पी, पाणी न्हाई त्यात!