हार्लनच्या पिकअपची उंची

...नाही, पण तुम्हीच सांगा, माणसानं आपली गाडी किती उंच करावी हा काय गावानं मिळून ठरवायचा प्रश्न आहे? पण आमच्याकडं आर्कान्सॉत, या नदीकाठच्या गावात, तो तसाच ठरतो. उन्हाळा सरला, शाळा सुरू झाल्या, लोकांच्या दारात भोपळे येऊन बसले, आणि आमच्या शेजारच्या हार्लन टिबेट्सचं आपलं एकच... चार की सहा? चार इंच की सहा इंच? सकाळी उठून दात घासत अंगणात यायचं, तोंडाला सगळा फेस, आणि पिकअपभोवती अशी प्रदक्षिणा घालायची जशी काही ती बाजारात उभी केलेली घोडी आहे. मी काही मुद्दाम बघत नाही हं. माझ्या ओट्यावरची खिडकीच त्या बाजूला आहे, तिला मी काय करू?

तुम्हाला सांगते, मूळ दुखणं गेल्या वर्षीचं. हरणांच्या शिकारीचा मोसम लागला, सगळे पुरुष निघाले रानातल्या तळावर, आणि नदीच्या खालच्या अंगाला हार्लनची पिकअप चिखलात रुतली. बरं, रुतली तर रुतली, कुणाची रुतत नाही? पण ती ओढून काढली कुणी, तर लॉयडनं. लॉयड म्हणजे हार्लनच्या बहिणीचा नवरा, त्याची गाडी इतकी उंच की खालून कोंबड्या मान न वाकवता जातात. त्यानं ट्रॅक्टर आणला, गाडी काढली, इथवर पुण्याचं काम... पण आधी त्यानं फोटो काढला! आणि तो लावला गावच्या खाणावळीत, कॉफीच्या यंत्राच्या वर. हार्लन सकाळी न्याहारीला बसला की समोर भिंतीवर तोच, मांडीपर्यंत चिखलात, तोंड वासलेलं. घास उतरेल कसा?

म्हणून यंदा लिफ्ट किट बसवायचं, म्हणजे गाडी चाकांवरून वर उचलायची. पण किती? चार की सहा? गॅरेजवाला म्हणाला, आधी टायर ठरव, मग इंच सांगतो. टायरवाल्याकडं गेला तर तो म्हणाला, आधी इंच ठरव, मग टायर सांगतो. दोघांची दुकानं समोरासमोर, आणि हार्लन मधल्या रस्त्यावर! कुणी सांगितलं, नुसते ठोकळे टाक मागच्या स्प्रिंगांच्या पाट्यांवर, काम झालं. दुसरा म्हणाला, ठोकळ्यांनी गाडी उंच टाचांचे बूट घातल्यासारखी दिसेल, दणके मात्र तेच बसतील, घ्यायचं तर शॉकअप, स्प्रिंगा, सगळं पूर्ण घे. आमच्या पास्टरसाहेबांनासुद्धा यात मत! म्हणाले, नम्र माणसाला चार पुरतात. आणि त्यांची स्वतःची? सहा!

हे सगळं चालू असताना हार्लनची बायको वर्नेल, ती बोलते कमी, ती धुतलेल्या चादरी दोरीवर टाकता टाकता एवढंच म्हणाली,

"आणि आई कशी चढणार?"

झालं. हार्लनची प्रदक्षिणा अर्ध्यावरच थांबली. कुंपणाच्या अलीकडं मीसुद्धा कान टवकारले... म्हणजे मी गुलाबाच्या फांद्या छाटत होते.

कारण आई म्हणजे मिस ओलीटा. वय ऐंशीच्या पुढं, पण रविवारी हॅट घालून, मांडीवर केकचा डबा घेऊन ती मुलाच्या पिकअपच्या पुढच्या सीटवर बसणार आणि तशीच चर्चच्या दारात उतरणार. आमच्याकडं म्हातारी कुणाच्या गाडीतून उतरते ते सगळं गाव बघतं. ज्याच्या गाडीतून उतरली त्याच्या घरी ती जेवणार, आणि ज्याच्या घरी जेवली त्याच्या घरची ती. आणि लॉयड तर टपलेलाच! त्यानं म्हणे आपल्या गाडीला बटण दाबलं की बाहेर येणारी पायरी बसवली, खास सासूबाईंसाठी. म्हणजे बघा, चार घेतले तर नदीच्या चिखलात पुन्हा फजिती, आणि सहा घेतले तर एकुलत्या एका मुलाची आई जावयाच्या गाडीत. बिचाऱ्या हार्लनचं अन्नपाणी सुटलं हो.

शेवटी एका शनिवारी त्यानं काय करावं? पिकअपच्या चारी चाकांखाली फळ्या रचल्या, आणि आईला आणलं माप घ्यायला! तीही आली, रविवारची हॅट घालून, हातात रिकामा डबा, कारण तालीम करायची तर पुरती करायची. चार इंचांना वर्नेल खालून लोटतेय, हार्लन वरून ओढतोय, कशीबशी बसली. मग आणखी फळ्या. सहा! म्हातारी म्हणाली, कुणी हात लावायचा नाही. डबा सीटवर भिरकावला, दांडी धरली, एक गुडघा टेकवला... माझी छाटणीची कात्री हवेत तशीच... आणि गेली की वर!

बसली. हॅट सारखी केली. चौफेर बघितलं. खाली हार्लन घामाघूम.

"हार्लन," ती म्हणाली, "इथनं बाप्टिस्टांचं आवार दिसतं."

आम्ही सगळे मेथडिस्ट, बाप्टिस्ट म्हणजे दुसऱ्या पंथाचं चर्च, त्यांच्याकडं काय चाललंय ते बघायला कुणाला नको, कळलं ना? मग मान माझ्याकडं वळवून म्हणते, बर्डी, तुझ्या शेगडीवरचं राजम्याचं पातेलं उतू चाललंय. आणि खरंच चाललं होतं हो!

"सहाच घे," म्हातारीनं सांगितलं.

संपलं! दोन महिने अख्ख्या गावाला न सुटलेलं कोडं म्हातारीनं बसल्या बसल्या सोडवलं. किट आलं, बसलं, वर जाडजूड टायर चढले. त्या रविवारी हार्लन आईला घेऊन चर्चला आला तेव्हा त्याची छाती स्टिअरिंगला टेकत होती. लॉयड आपल्या गाडीपाशी उभा, बटण दाबतोय, पायरी बाहेर, पायरी आत... चढायला कुणी नाही. अहो, मला इतकं हसू आलं की प्रार्थनेत मान खाली घालून बसावं लागलं.

आणि सोमवारी हार्लन निघाला नदीकडं, चिखलात गाडी घालून बघायला. दारातच आई उभी. कुठं? म्हणाला, चिखलात. ती म्हणाली, माझ्या पांढऱ्या बुटांनी मी त्या गाडीत चढते, तिला चिखलाचा एक ठिपका लागता कामा नये. हार्लन काकुळतीला आला. अगं आई, चिखलासाठीच उंच केलीय ना ती!

"फळ्या रचून माप कुणाचं घेतलंस?" म्हातारी म्हणाली. "माझं का चिखलाचं?"

हार्लननं किल्ली परत खुंटीला अडकवली. 

मोसम उघडला त्या पहाटे हार्लन बंदूक घेऊन लॉयडच्या गाडीत चढला, मधल्या जागेवर, एका बाजूला लॉयड, दुसऱ्या बाजूला लॉयडचा ओला कुत्रा. त्याची स्वतःची पिकअप आपली अंगणात उभी, लख्ख, नवरीसारखी. दर शनिवारी शिडी लावून धुतो तो तिला.

परवा खाणावळीत गॅरेजवाल्यानं एका नव्या गिऱ्हाइकाला हार्लनकडं पाठवलं, म्हणाला, याला विचार, यानं बसवलंय. त्या माणसानं विचारलं, चार की सहा? हार्लननं कॉफीचा घोट घेतला...

"चार घे," म्हणाला. "टप धुवायला हात पोचतो."