सुतकातली घंटा

आरतीची घंटा वाजली की बाहेर पळायचं, हे तू आमच्या बुंदीला मुद्दाम शिकवलंस का रे दादा, स्वतःची आरती चुकवायला? मी कितीदा विचारलं. तो नुसता हसायचा.

कोपरीच्या आमच्या घरात ते कुत्रीचं पिल्लू त्यानेच आणलेलं. संध्याकाळी आई घंटा वाजवायची, बुंदी दाराशी जायची, मागोमाग दादा पट्टा घेऊन. घरात मुताचा एक थेंब नाही.

मग गेल्या महिन्यात दादा अपघातात गेला. सुतक, म्हणून देवपूजा बंद. आई भिंतीला टेकून बसलेली, कोणाशी बोलेना. आणि बुंदी रोज संध्याकाळी चटईवर मुतायला लागली, पाहुण्यांच्या मधोमध. मी खाली नेलं तर नुसती उभी राहायची.

काका म्हणाले, "सोडून ये हिला खाडीवर."

माझं डोकंच फिरलं. "तिला घंटा कुठे ऐकू आली?" म्हणत मी देव्हाऱ्यातली घंटा उचलली.

"अरे गाढवा, सुतक आहे! ठेव ती!"

तेव्हा आई बोलली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा.

"वाजवू द्या भावोजी. देवासाठी नाही, कुत्रीसाठी वाजवतोय."

आणि हसली रे. रडत होती, पण हसली. दादाचे उपकारच, त्याच्या त्या खोडीने आईचं तोंड उघडलं.

मी घंटा वाजवली. बुंदी उठून दाराशी गेली. मी दादाच्या चपला घातल्या, पट्टा घेतला आणि तिला खाली घेऊन गेलो.