कोणाची घळ

(जून १९९६. यॉर्कशरच्या डोंगरातलं विल्फ क्लफचं शेतघर. स्वयंपाकघरात विल्फ आणि त्याची थोरली बहीण हेस्टर. बाहेर टास्मानियाहून आलेला डेसमंड क्लफ गाडीतून काहीतरी जड उतरवतोय.)

विल्फ : …आणि आता तर दगडच घडवून आणलाय त्यानं. अक्षरं कोरलेला. ताई, आज नाही सांगितलंस तर कधी सांगणार?

हेस्टर : चहा तरी पिऊ दे त्याला.

विल्फ : चार वर्षांपूर्वी हेच म्हणालीस. तेव्हा बायकोची राख घेऊन आला होता. चहा प्याला, राख आपल्या घळीत सोडली, रडला नि गेला.

हेस्टर : हळू बोल.

विल्फ : मी मेंढ्या राखणारा माणूस. तुझ्या त्या चर्चच्या वह्या मला कळत नाहीत. पण त्यात काय निघालं ते तू मला सांगितलंस, तेव्हा कळलं होतं. मीही गप्प बसलो.

डेसमंड : काय हो, भांडताय दोघं? भांडा, भांडा! घरचं भांडण ऐकायला तर अर्धी पृथ्वी ओलांडून आलोय. हेस्टरताई, बाहेर या, अक्षरं बघा. ‘एबल क्लफ, विणकर. या घळीतून निघाला, १८५१.’ नात आमची शाळेत सांगते, आमचं आडनाव म्हणजे एक जागा आहे आणि माझी आजी तिथं राहते!

हेस्टर : डेसमंड, बसा.

डेसमंड : बसतो की. विल्फ, उद्या पहार लागेल एक.

हेस्टर : पहार नको. आधी ऐका. सात वर्षांपूर्वी तुम्ही पहिलं पत्र लिहिलंत. खापरपणजोबा एबल, यॉर्कशरातून आले, एवढंच ठाऊक म्हणालात.

डेसमंड : आणि तुम्ही त्यांना शोधून काढलंत.

हेस्टर : इथल्या चर्चच्या वहीत एक एबल क्लफ सापडला. बाप्तिस्मा १८२९चा, बाप विणकर. वय जुळलं, धंदा जुळला. मी कळवून टाकलं.

डेसमंड : फ्रेम करून लावलंय ते पत्र.

हेस्टर : पुढे कधीतरी दुसरी वही उघडली. दफनांची. तो एबल गोवरानं गेला. तीन वर्षांचा होता.

डेसमंड : …म्हणजे?

हेस्टर : म्हणजे तो कुठंच गेला नाही. इथंच आहे, चर्चच्या मागे.

डेसमंड : मग माझा एबल कोण?

हेस्टर : दुसरा. डोंगरापलीकडचा, लँकशरमधला. हद्दीलगतचं गाव, म्हणून तुमच्या घरी यॉर्कशर म्हणत आले असतील. जहाजाच्या यादीत त्याच्यासोबत बहिणीचं नाव आहे. तिच्यावरून माग लागला.

डेसमंड : बरं, बरं. घाबरवलंत की! म्हणजे चुलत घराणं. पलीकडे जाऊन राहिलेलं.

हेस्टर : नाही.

डेसमंड : नाही कसं? क्लफ ते क्लफ.

हेस्टर : क्लफ म्हणजे घळ, एवढंच. या डोंगरांत ज्याच्या दारापुढे घळ, त्याला कारकुनानं क्लफ लिहिलं. इथं एक, पलीकडे एक, खाली आणखी तीन-चार. एकमेकांची तोंडंही पाहिली नसतील त्यांनी. मग गिरण्या आल्या, जहाजं आली, सगळे पांगले. कोणी कॅनडात, कोणी तुमच्याकडे. आणि मी तीस वर्षं जगभरच्या क्लफांना पाठवते त्या वार्तापत्रात छापत आले, की आपण सगळे एकाच घळीतले.

विल्फ : आमच्या घळीतले. मलाही बरं वाटायचं ऐकायला.

डेसमंड : ती दुसरी वही कधी उघडलीत?

हेस्टर : उघडली, चार वर्षांपूर्वी…

डेसमंड : नीट सांगा.

हेस्टर : म्युरिएलची राख घेऊन आलात, त्याच्या सहा आठवडे आधी.

डेसमंड : सहा आठवडे.

हेस्टर : त्याच आठवड्यात तुमचं पत्र आलं होतं, तिकीट काढलं म्हणून.

डेसमंड : दया आली म्हणू नका.

हेस्टर : नाही म्हणत. दया असती तर तुम्ही परतल्यावर तरी लिहिलं असतं. मी भ्याले. मला ना नवरा, ना मूलबाळ. नाताळला चारशे घरांतून पत्रं येतात, प्रत्येकात ‘ताई’. खरं छापलं तर मी त्यांची कोण?

डेसमंड : शेवटच्या महिन्यात म्युरिएल विचारायची, मला कुठं ठेवशील? तिला आमच्या मळ्यातली सफरचंदाची झाडं आवडायची. मी म्हटलं, नको, तिथं एकटी पडशील. माझ्या माणसांत ठेवतो. ती हो म्हणाली. माझ्यासाठी हो म्हणाली. इथं तिचं कोण आहे, सांगा?

विल्फ : मी जातो तिकडं. मेंढ्या चारायला. टोपी काढतो मी तिथं. …दुसरं काय करणार.

डेसमंड : ओढ्याला सोडली. परतही नेता येत नाही.

हेस्टर : नाही येत.

डेसमंड : मिस क्लफ, हे छापाल तुम्ही?

हेस्टर : पुढच्याच अंकात. माझ्या नावानं, पहिल्या पानावर. तारखांसकट.

डेसमंड : लोक सोडून जातील.

हेस्टर : जातील.

डेसमंड : आणि नातीला मी काय सांगू?

हेस्टर : मी लिहू का तिला?

डेसमंड : नको. तुमची पत्रं फार खरी वाटतात.

विल्फ : चहा गार होतोय.

डेसमंड : होऊ दे. ती दुसरी घळ कुठं आहे?

हेस्टर : आता नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी तिथं धरण बांधलं. घरं, वाट, सगळं पाण्याखाली गेलं.

डेसमंड : काहीच दिसत नाही?

विल्फ : पाणी दिसतं. गाडीनं पाऊण तास. आता निघालो तर उजेडात पोचू.

डेसमंड : काढ गाडी.

हेस्टर : डेसमंड… मी येऊ?

डेसमंड : …या. पण वाटेत काही समजावून सांगू नका.